स्नोस्टॉर्म येतोय: बफेलोत नव्याने आलेल्यांनी नक्की वाचा (डिसेंबर २०२२ चा अनुभव)

एरीकाठ | सोमवार, रात्री ९:४०

परत लेक इफेक्टचा, म्हणजे तलावावरून येणाऱ्या बर्फाचा, इशारा आलाय आणि सकाळपासून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरतोय, किती इंच पडणार, किती इंच पडणार. ऑगस्टमध्ये युनिव्हर्सिटीत बरीच नवी मुलं आलीत, पुण्याची, नाशिकची, दोघं परभणीची, त्यांचा हा पहिलाच हिवाळा. मुख्य म्हणजे त्यांच्यासाठी लिहितेय. मी बफेलोला (अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यात) लागून असलेल्या ॲमहर्स्टला बरीच वर्षं राहतेय आणि डिसेंबर २०२२ याच घरात काढलाय, त्यामुळे लांबलं तरी सगळं वाचा.

इंच विचारू नका, वारा विचारा. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये शहराच्या दक्षिणेला ऑर्चर्ड पार्कला ८० इंच पडला, म्हणजे साडेसहा फूट, उभा माणूस झाकला जाईल इतका. तेव्हाही फावड्याने बर्फ काढताना हार्ट अटॅक येऊन माणसं गेली, पण वारा त्यामानाने कमी होता, रस्ते आधीच बंद केले होते, आणि बाकी गाव निभावून गेलं. महिन्याभराने २३ ते २७ डिसेंबरला एअरपोर्टवर मोजलेला बर्फ ५२ इंचांच्या आत होता, म्हणजे नोव्हेंबरपेक्षा कितीतरी कमी, आणि त्या वादळात आमच्या भागात ४७ माणसं गेली. फरक वाऱ्याचा. वारा ताशी ३५ मैल किंवा जास्त आणि समोरचं पाव मैलसुद्धा दिसत नाही असं सलग तीन तास राहिलं तर इथली हवामानखात्याची माणसं त्याला ब्लिझार्ड म्हणतात. आमच्याकडे ते ३७ तास चाललं आणि झोत सत्तर मैलांच्या वर जात होते.

हे इथेच का होतं ते पण सांगते. एरी तलाव जवळजवळ ३९० किलोमीटर लांब आहे आणि बफेलो बरोब्बर त्याच्या पूर्वेच्या टोकाला. नैऋत्येकडून येणारा थंडगार वारा त्या लांबीवरून वाहत येतो, पाणी अजून गोठलेलं नसतं त्यामुळे खालून वाफ उचलतो, आणि किनाऱ्याला लागला की सगळं आमच्यावर ओततो. पट्टा अरुंद असतो. तुमच्याकडे लख्ख ऊन आणि दहा मैलांवरच्या मैत्रिणीकडे दार उघडत नाही असं होऊ शकतं, म्हणून आकाश बघून ठरवू नका.

आता आमचं. शुक्रवार २३ तारखेला पहाटे बर्फ नव्हता, पाऊस होता. लोकांना वाटलं अजून वेळ आहे. नवरा साडेसहाला कामावर गेला, त्याच्या ठिकाणी सुट्टी दिली नव्हती, ख्रिसमसच्या आधीचा दिवस म्हणजे उलट जास्त काम. सकाळी थंडीची लाट आत घुसली आणि तापमान काही तासांत असं कोसळलं की अंगणातलं पाणी बघता बघता काच झालं. साडेनऊला काउंटीने (म्हणजे इथल्या जिल्ह्याने) गाड्या चालवायला बंदी केली तोवर हा तिथेच अडकलेला, त्याला दहाला सोडलं आणि सहा मैल यायला साडेतीन तास लागले. आल्यावर बराच वेळ बोललाच नाही. नंतर म्हणाला की बॉनेट दिसत नव्हतं, रस्ता आहे का कुणाचं अंगण आहे ते चाकाच्या आवाजावरून ओळखत होतो.

संध्याकाळी पाचला लाइट गेली ती थेट सोमवारी आली. माझी आई सांगलीहून आलेली होती, एकाहत्तर वर्षांची. फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, गॅसवर असला तरी त्याचा पंखा विजेवर चालतो, त्यामुळे लाइट गेली की गॅस असून उपयोग नाही, हे नव्या लोकांना माहीत नसतं. आम्ही वरच्या सगळ्यात छोट्या खोलीत गाद्या टाकल्या. आईने मी तिला फेकून दे म्हणत होते त्या जुन्या साड्या काढल्या आणि एकेक साडी पिळा मारून खिडक्यांच्या फटीत नि दाराखाली बसवली. त्या खोलीत आणि खालच्या हॉलमध्ये सात-आठ डिग्रीचा फरक पडला, मी थर्मामीटर ठेवून बघितलंय. गॅसची शेगडी काडीने पेटत होती पण बटणाने नाही, देवघरातली काडेपेटी कामाला आली. मुगाची खिचडी, मेतकूट भात, सुंठ घातलेला चहा, तीन दिवस एवढंच. शनिवारी रात्री हॉलमध्ये ४६ फॅरनहाइट होतं, म्हणजे ८ सेल्सिअस.

आणि आता जे मला मुख्य सांगायचंय ते. समोरच्या घरात एक आजी राहायच्या, ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. मुलगी दुसऱ्या राज्यात. शनिवारी दुपारी तिचा फोन आला की आईचा आवाज बोबडा येतोय, ९११ ला लावलं तर येऊ शकत नाही म्हणतात. ते खरंच होतं, ॲम्ब्युलन्स नि फायरच्या गाड्यासुद्धा रुतल्या होत्या. दारापासून दार साठ-सत्तर फूट. बेसमेंटमध्ये कपडे वाळत घालायची दोरी होती ती सोडली, कमी पडली म्हणून तिला एक्स्टेन्शन कॉर्ड बांधली, एक टोक पोर्चच्या कठड्याला नि दुसरं नवऱ्याच्या कमरेला. मी दारात उभी. दहा पावलं झाली आणि तो दिसेनासा झाला. टॉर्चसुद्धा दिसेना. फक्त माझ्या हातातून दोरी सरकत होती आणि मधेच थांबत होती. येऊनजाऊन चाळीस मिनिटं लागली. आजींना पाठीवर आणलं, आईने त्यांना गोधडीत घेऊन स्वतःच्या अंगाशी धरून ठेवलं, कोमट साखरपाणी चमच्याने पाजलं, दोन तासांनी त्या नीट बोलायला लागल्या.

असं करा असं मी अजिबात सांगत नाहीये. दोरी सुटली असती तर आज हा धागा मी लिहिला नसता. शुक्रवारी सकाळी नऊला मी नुसतं दार ठोठावून "आमच्याकडे येऊन राहा" म्हटलं असतं तर त्या दोन मिनिटांत चालत आल्या असत्या. गुरुवारी त्या मला कचऱ्याच्या डब्यापाशी भेटल्या होत्या, हवेबद्दल बोललो पण होतो, आणि माझ्या तोंडून ते निघालं नाही. मला ते आजही लागतं. म्हणून सांगतेय, जमायचंय ते वारा सुरू व्हायच्या आधी जमा. आजूबाजूची तीन घरं, कोण एकटं आहे, कुणाकडे गॅस आहे, कुणाकडे तान्हं मूल आहे, हे आत्ता माहीत करून घ्या.

---

पहिलाहिवाळा | सोमवार, रात्री १०:१५

ताई वाचून अंगावर काटा आला. आम्ही चौघं साउथ कॅम्पसजवळ एका जुन्या घरात वरच्या मजल्यावर राहतो, गाडी कुणाकडेच नाही. आमच्याकडे शेगडी पण कॉइलची आणि राइस कुकर, म्हणजे सगळं विजेवर. लाइट गेली तर खायचं काय? आणि खरंच दोन ब्लॉक पण चालायचं नाही का, कोपऱ्यावरचं दुकान आमच्या खिडकीतून दिसतं.

---

एरीकाठ | सोमवार, रात्री १०:५०

नाही रे बाबा, दोन ब्लॉक पण नाही. आज खिडकीतून दिसतं ते दुकान तेव्हा दिसणार नाही, आणि दिसलं तरी उघडं नसेल, २०२२ ला वेगमन्स, टॉप्स अशी किराण्याची मोठी दुकानं सगळी बंद होती. रस्त्यात सापडलेल्यांमध्ये कितीतरी जण घरापासून थोड्याच अंतरावर होते.

खाण्याचं सांगते. न शिजवता खाता येईल असं चार दिवसांचं प्रत्येकी: ब्रेड, पीनट बटर, केळी, चिवडा, चणे-शेंगदाणे, गूळ, दूध पावडर, डब्यातले छोले राजमा (ते शिजलेलेच असतात, धुवायचे नि कांदा लिंबू घालून खायचे). घरून लाडू आलेले असतील तर आत्ता संपवू नका. इशारा आहे त्या दिवशी सकाळी भात नि बटाटे जास्तीचे उकडून ठेवा, फ्रिजची चिंता नको, खोलीच फ्रिज होते. पाणी बादल्यांत, पातेल्यांत, असेल ते भरून ठेवा. डबा उघडायचं ओपनर हाताचं आहे ना बघ, विजेचं असेल तर छोले डब्यातच राहतील.

आणि कृपा करून घरात कोळशाची शेगडी, बार्बेक्यू, कॅम्पिंगचा स्टोव्ह काही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोप येते आणि माणूस उठत नाही. तुमच्या घरात त्याचा अलार्म लावलाय का? नसेल तर उद्या सकाळी घरमालकाला फोन कर, त्याने नाही दिला तर मी देते, माझ्याकडे जास्तीचा आहे.

---

नाइटशिफ्ट | मंगळवार, पहाटे ५:२०

मी नर्स आहे. त्या शुक्रवारी सकाळी सातला ड्युटीवर गेले आणि रविवारी दुपारी सुटले कारण आम्हाला सोडवायला येणारं कुणी पोचूच शकलं नाही. आम्ही चौघीजणी दोन-दोन तास आळीपाळीने झोपत होतो, कॅफेटेरियातलं संपत आलं तेव्हा आधी पेशंटना दिलं. त्या दोन दिवसांत कितीतरी जण मागच्या बाजूने स्नोमोबाइलवरून आणलेले. सगळ्यात जास्त काय बघितलं असेल तर हाताची बोटं. पांढरी, मेणासारखी, कडक. एक मुलगा फक्त गाडीत फोनचा चार्जर राहिला म्हणून खाली उतरला होता.

बोटं पांढरी पडली तर चोळायची नाहीत, बर्फ तर अजिबात चोळायचा नाही (हे अजून लोक करतात), गरम पाण्याची पिशवी पण नको कारण कातडीला भाजलेलं कळत नाही. कोमट पाण्यात बुडवायची, परत गारठणार असतील तर तेही नको, नुसती कोरड्या कपड्यात गुंडाळून ठेवायची. माणूस बोबडं बोलायला लागला, कुडकुडणं थांबलं, उलट गरम होतंय म्हणून कपडे काढायला लागला तर ते बरं वाटायचं लक्षण नाही, थंडी मेंदूपर्यंत पोचलीय. ओले कपडे काढा, छातीपोटाशी ऊब द्या, शुद्धीत असेल तरच गोड प्यायला द्या. एरीकाठ, तुझ्या आईने केलं ते बरोबर केलं.

घरात कुणी डायलिसिसवर असेल तर इशारा आल्या आल्या सेंटरला फोन करून तारीख अलीकडे घ्या. ऑक्सिजनचं मशीन विजेवरचं असेल तर सिलिंडर आधी मागवा. इन्सुलिन खिडकीत ठेवू नका, गोठलं की वाया गेलं, अंगाजवळच्या खिशात ठेवा. आईबाबा भारतातून आलेले असतील तर त्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या दहा दिवसांच्या आहेत का ते आजच मोजा, इथे त्यांचं प्रिस्क्रिप्शन नसतं आणि ऐनवेळी कुणी देत नाही.

---

सत्त्याहत्तर | मंगळवार, सकाळी ८:०५

मी १९७४ ला शिकायला आलो तो इथेच राहिलो, त्यामुळे जानेवारी ७७ चं ब्लिझार्ड पण पाहिलंय. वाऱ्याबद्दल वर लिहिलंय ते शंभर टक्के खरं. ७७ ला आकाशातून नवा बर्फ फूटभरच पडला होता. पण त्या वर्षी तलाव डिसेंबरच्या मध्यालाच गोठलेला आणि त्या गोठलेल्या तलावावर महिन्याभराचा भुसभुशीत बर्फ साठून होता, २८ जानेवारीला वारा सुटला तो सगळा उचलून त्याने शहरावर आणून टाकला. घरांच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत ढीग. गाड्यांमध्ये नऊ माणसं सापडली नंतर. तेव्हा मी ऑफिसमध्ये अडकलो, आम्ही तीसेक जण तिथे दोन रात्री टेबलांवर झोपलो, पडदे काढून पांघरले, व्हेंडिंग मशीनमधलं बिस्किट मोजून वाटून खाल्लं. आमच्यातला एकजण बायको एकटी आहे म्हणून निघाला होता, इतरांनी त्याला धरून बसवलं, अक्षरशः हात धरून. तो पुढे कितीतरी वर्षं माझा मित्र होता.

तरुण मुलांना एकच सांगतो, जिथे आहात ते छप्पर सोडू नका. लॅबमध्ये असाल तर लॅबमध्ये राहा.

---

सायनचापूल | मंगळवार, सकाळी ९:३०

मी सध्या टोरंटोजवळ असतो पण २६ जुलै २००५ ला मुंबईत होतो. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस. त्या दिवशी जे लोक काचा बंद करून गाडीत बसून राहिले त्यातल्या काहींचे दरवाजे पाण्यामुळे उघडलेच नाहीत आणि ते आतच गेले. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलंय की गाडी सोडायची नि चालत सुटायचं. मी त्या रात्री सायन ते मुलुंड चाललो, रस्त्याभर लोक दारात बिस्किटं नि चहा घेऊन उभे होते. बर्फात गाडी अडकली तर काय करायचं मग? इथे सगळे गाडीतच बसा सांगतात, ते मला पटत नाही.

---

एरीकाठ | मंगळवार, सकाळी १०:१०

तुमची भीती मला समजते, पण पाण्याचं नि बर्फाचं गणित उलटं आहे. पुरात गाडी बुडते, वादळात गाडी निदान वारा अडवते. त्या वाऱ्यात उघड्यावर माणूस पंधरा-वीस मिनिटांत दिशा हरवतो आणि मुंबईसारखं शंभर पावलांवर कुणी दिवा घेऊन उभं नसतं, असलं तरी दिसत नाही. समोर दार स्पष्ट दिसत असेल, खरंच डोळ्याला दिसत असेल, तरच उतरायचं.

गाडीत थांबायचं तर मात्र सायलेन्सरचं तोंड मोकळं ठेवणं हे पहिलं काम. ते बर्फात बुजलं की सगळा धूर आत. दर तासाला दहा मिनिटं इंजिन लावायचं, त्याआधी प्रत्येक वेळी हाताने मागचा बर्फ काढायचा, वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवायची. दार बंद होऊन गोठतं म्हणून मधूनमधून ढकलून बघायचं. डिक्कीत आत्ताच ठेवा: ब्लँकेट, छोटं फावडं, टॉर्च, पाणी, राजगिऱ्याच्या वड्या, लाल कापड अँटेनाला बांधायला. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. पण २०२२ ला गाडीत थांबूनही माणसं गेली, तरुण माणसं, घरच्यांना व्हिडिओ पाठवता पाठवता, हे पण खरंय. म्हणून गाडीत काय करायचं हा दुसरा प्रश्न झाला. पहिला म्हणजे गाडी त्या दिवशी काढायचीच नाही.

---

वडाचापार | मंगळवार, दुपारी १२:४५

हेच तर म्हणतो मी. चार दिवस आधीपासून सांगत होते, बंदी होती, तरी लोक बाहेर पडले. मग कुणाला दोष द्यायचा?

---

एरीकाठ | मंगळवार, दुपारी १:३०

हे मी मान्य करणार नाही. बंदी साडेनऊला लागू झाली, सकाळची पाळी सात-आठला सुरू होते. माझा नवरा हौस म्हणून बाहेर पडला नव्हता, नाही गेला असता तर पगार कापला असता. शहराने नंतर न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीकडून अभ्यास करून घेतला, तो २०२३ मध्ये आला, त्यातही बंदी उशिरा आली हे लिहिलंय. एकट्या बफेलो शहरात ३१ माणसं गेली, त्यात निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय होते. शहराच्या पूर्व भागात, ईस्ट साइडला, कधी जाऊन बघा, जुनी घरं, फटी असलेल्या खिडक्या, जवळपास धड किराणा दुकान नाही, गाडी नाही. आठवड्याचं सामान एकदम भरून ठेवायला हातात तेवढे पैसे एकदम लागतात. ज्यांचा फ्रिज भरलेला होता त्यांना घरात बसणं सोपं होतं, माझ्यासकट. आणि कितीतरी जण तर घरातच गेले, गारठून किंवा ॲम्ब्युलन्स न आल्यामुळे. त्यांनी कुठला नियम मोडला होता?

---

वडाचापार | मंगळवार, दुपारी २:१०

घरात गेलेल्यांचं माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो.

---

दिवेआगर | मंगळवार, दुपारी ३:००

ऑस्टिनहून लिहितोय. आमच्याकडे फेब्रुवारी २०२१ ला जे झालं ते बर्फाच्या मानाने तुमच्यापुढे काहीच नाही, सहा-साडेसहा इंच, पण टेक्ससमध्ये ४५ लाख घरांची वीज गेली आणि राज्याने मोजलेले मृत्यू २४६. आमचं विजेचं जाळं बाकी देशापासून जवळजवळ वेगळं आहे त्यामुळे बाहेरून वीज घेता आली नाही, गॅसच्या विहिरी नि पाइप गोठले, वीजकेंद्रं बंद पडली, सगळं जाळं कोसळायला चार-पाच मिनिटं राहिली होती असं नंतर कळलं. २०११ च्या थंडीनंतर केंद्रं थंडीला तयार करा असं सांगितलं गेलं होतं, ते झालं नव्हतं. आमची तान्ही मुलगी तेव्हा चार महिन्यांची, तिला आम्ही दोघांच्या मधे शर्टाच्या आत घेऊन बसायचो.

माझ्याकडून एक भर. घरात पाणी येतं तो मुख्य नळ कुठे आहे ते आजच शोधा आणि फिरवून बघा. आमचा पाइप छतात फुटला, पाणी हॉलमध्ये कोसळत होतं आणि मला तो व्हॉल्व्ह सापडायला वीस मिनिटं लागली. थंडीत नळ बारीक धारेने चालू ठेवा, सिंकखालची कपाटं उघडी ठेवा म्हणजे खोलीतली ऊब पाइपला लागते. आणि दोन दिवसांनी पाणी आलं तेही उकळूनच प्या सांगितलेलं, उकळायला वीज नाही. म्हणून प्यायचं पाणी आधी भरणं फार महत्त्वाचं.

---

आजोळ | मंगळवार, दुपारी ४:२० (पुण्यात आता मध्यरात्र होऊन गेलीय)

माझा मुलगा तिकडेच आहे, पहिल्या वर्षाला. हा धागा त्यानेच पाठवला. झोप उडालीय. आम्ही इथे बसून काय करू शकतो? बातम्यांत काहीतरी दाखवतात आणि मग मी दर तासाला फोन करते, तो चिडतो.

---

एरीकाठ | मंगळवार, दुपारी ४:४५

काकू, तो चिडत नाही हो, बॅटरी वाचवत असतो. माझ्या सासूबाई, दोन नणंदा, मावशी, सगळ्यांनी त्या शनिवारी इतके फोन केले की दुपारपर्यंत माझा फोन १२ टक्क्यांवर, आणि नेमका तेव्हाच आजींच्या मुलीचा फोन आला. तो लागला नसता तर. म्हणून वेळ ठरवून घ्या. त्याने दिवसातून दोनदा, इथल्या सकाळी आठला नि रात्री आठला, फॅमिली ग्रुपवर एक शब्द टाकायचा, "ठीक". मधे फोन करायचा नाही. एखादा "ठीक" चुकला तर लगेच घाबरू नका, टॉवर जातात, दुसऱ्याची वाट बघा. आणि त्याच्या घरातल्या बाकी मुलांचे नि शेजाऱ्यांचे नंबर आजच घेऊन ठेवा. माझा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवते.

---

आजोळ | मंगळवार, दुपारी ४:५५

मिळाला. देव तुमचं भलं करो. आता झोपते.

---

कोल्हापुरी_चीकटोवागा | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

आमच्या चीकटोवागात (बफेलोचं उपनगर) २०२२ च्या त्या वादळात रात्री एका माणसाची गाडी रुतली, त्याने बरीच दारं ठोठावली, कुणी घेतलं नाही, शेवटी त्याने शाळेची काच फोडली आणि रस्त्यावर अडकलेली वीसेक माणसं नि कुत्री आत नेली. जाताना झाडलोट करून, काच फोडल्याची माफी मागणारी चिठ्ठी ठेवून गेला. पोलिसांनी त्याला शोधून काढलं ते आभार मानायला. आणि विल्यम्सव्हिलला कोरियाच्या नऊ पर्यटकांची व्हॅन अडकली, फावडं मागायला त्यांनी एका घराचं दार वाजवलं आणि त्या जोडप्याने ड्रायव्हरसकट दहाही जणांना वीकेंडभर ठेवून घेतलं. त्यांच्या कपाटात कोरियन मसाले होते म्हणून सगळ्यांनी मिळून स्वयंपाक केला. त्याच परिसरात, त्याच वादळात दारं उघडली नाहीत तीही आणि उघडली तीही. रात्री कुणी दार वाजवलं तर भीती वाटते हे खरंय, मलाही वाटते, पण त्या हवेत दारात आलेला माणूस मरायला टेकलेला असतो. मी तरी घेणार.

वादळ थांबल्यावरचं कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. भिंतीतून बाहेर येणारे फर्नेसचे पांढरे प्लास्टिकचे पाइप आहेत का ते आज बघून ठेवा, बर्फात बुजले तर फर्नेस बंद पडतो किंवा धूर आत येतो. हात पोचत असेल तर आतूनच खिडकीतून झाडूने मोकळे करा. जनरेटर घरापासून वीस फूट लांब, गॅरेजमध्ये नको, गॅरेजचं दार उघडं असलं तरी नको. चाळिशी उलटलेल्यांनी फावडं भरभरून उचलू नका, ढकला, दर दहा मिनिटांनी आत या. स्नोब्लोअरच्या तोंडात बर्फ अडकला तर बंद करून काठीने काढायचा, हात नाही. घरासमोर फायर हायड्रंट असेल तर तो आधी मोकळा करा.

---

पहिलाहिवाळा | बुधवार, संध्याकाळी ७:१५

अपडेट. काल रात्री खालच्या मजल्यावर दार वाजवलं. चार महिने इथे राहतोय आणि पहिल्यांदाच बोललो. एक आजोबा आहेत, एकटे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्यांच्याकडे गॅसची शेगडी आहे आणि बॅटरीचा रेडिओ. आमच्याकडे चार जणांचे हात आहेत. ठरलं असं की वारा सुरू झाला की आम्ही गाद्या घेऊन खालीच त्यांच्या हॉलमध्ये जाणार, वरची खोली बंद. आज त्यांच्या औषधांच्या दुकानात आम्ही दोघं जाऊन आलो, दोन आठवड्यांच्या गोळ्या आणल्या. अलार्म घरमालकाने दिला नाही, "बघतो" म्हणाला.

ताई तुमचा अलार्म आणायला उद्या कधी येऊ?

---

एरीकाठ | बुधवार, संध्याकाळी ७:३०

तू येऊ नकोस, बसने दोन तास जातील. इशारा उद्या संध्याकाळी सातपासूनचा आहे, मी दुपारी दोनच्या आत गाडीने येऊन देते आणि चारच्या आत घरी परत. आईने शिवलेल्या दोन गोधड्या पण आणते, एक आजोबांना. काडेपेटी आहे का त्यांच्याकडे? विचारून सांग.

---

पहिलाहिवाळा | बुधवार, संध्याकाळी ७:४०

विचारलं. नाहीये.

---

एरीकाठ | बुधवार, संध्याकाळी ७:४२

आणते.